विजेची झांज : दोष आणि दुरुस्ती



चैत्र लागला की आपल्या जिल्ह्यात यात्रा-जत्रांचा हंगाम सुरू होतो. ऑर्केस्ट्रा, बँड, जागरण-गोंधळाच्या पार्ट्या आणि आता तर कित्येक भजनी मंडळेही ऑक्टापॅड व त्याला जोडलेली रबरी झांज टेम्पोत घालून गावोगाव फिरू लागतात, आणि कार्यक्रम ऐन रंगात असताना ही झांज मुकी झाली, अशी फिर्याद घेऊन मंडळी माझ्याकडे येतात. तिच्या दुरुस्तीविषयी चार शब्द सांगावेत अशी आकाशवाणीची इच्छा आहे, म्हणून आज आपल्यासमोर हजर झालो आहे.

ज्या तमाशाला संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या पवळाबाईंनी पठ्ठे बापूरावांच्या फडात उभे राहून वैभवाचे दिवस दाखवले, त्या तमाशात ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज एवढीच वाद्यसंपत्ती असे. काशाच्या झांजेवर आघात जेथे होतो तेथेच नाद जन्मतो, त्यामुळे तिचा बिघाड डोळ्यांना दिसतो. विजेच्या झांजेत आघात आणि नाद यांची फारकत झालेली आहे. रोलंड कंपनीने 1985 साली आठ पॅडांची जी पहिली ऑक्टापॅड पेटी काढली, तिच्यात तर स्वतःचा एकही आवाज नव्हता. काठी पडल्याचा संदेश ती दुसऱ्या यंत्राला पाठवी आणि आवाज ते यंत्र काढी. आजच्या झांजेचीही तीच रीत आहे. गावच्या जागल्याने वर्दी द्यावी आणि हुकूम कचेरीतून सुटावा, तशी ही झांज केवळ आघाताची वर्दी देते; नाद मॉड्यूल नावाच्या त्या दुसऱ्या यंत्रात साठवलेला असतो. झांज बोलत नाही, वर्दी देते, हे प्रथम मनात पक्के करावे, म्हणजे शोध कोठून सुरू करायचा हे आपोआप कळते.

ही वर्दी निर्माण करते ती पिझो नावाची चकती. पितळेच्या पातळ पत्र्यावर चिनी मातीसारख्या ठिसूळ पदार्थाचा थर असतो आणि त्याला कंप मिळाला की त्यात क्षणभर वीज उत्पन्न होते. दाबातून वीज निर्माण होण्याचा हा गुण क्यूरी बंधूंनी 1880 साली काही स्फटिकांत दाखवून दिला. चकती साधारण 27 किंवा 35 मिलिमीटर व्यासाची, आणि किंमत म्हणाल तर अगदी क्षुल्लक.

परंतु मला ज्या भागाविषयी विशेष ममत्व आहे तो म्हणजे झांजेचा काठ. भजनात टाळकरी टाळ वाजवून लगेच तळव्याने त्याचा नाद आवरतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ती आवरण्याची क्रिया या रबराच्या तबकडीला साधावी म्हणून काठाखाली एक अत्यंत नाजूक पट्टी बसवलेली असते. तिच्यात दोन वाहक थर केसाएवढे अंतर राखून समोरासमोर असतात आणि काठ दाबला की ते एकमेकांना टेकतात. काठी मारली आणि त्याच क्षणी थरही टेकले, तर मॉड्यूल समजते की आघात काठावर झाला. मारल्यानंतर बोटांनी काठ धरला, तर ते समजते की नाद थांबवायचा आहे. एकाच पट्टीकडून ही दोन कामे ज्यांनी करून घेतली, त्यांच्या कल्पकतेपुढे माझे मस्तक नम्र होते.

आता बिघाड पाहा. चैत्र-वैशाखात आपल्याकडे ऊन भाजून काढते, बंद टेम्पोत तर विचारूच नका. त्या उष्म्याने काठाचा डिंक मऊ होतो, पट्टी सरकते, त्यात यात्रेतील धूळ आणि वादकाचा घाम मिसळतो, आणि दोन्ही थर कायमचे टेकून बसतात. मग मॉड्यूलला अखंड वर्दी जात राहते की कोणीतरी काठ धरून ठेवला आहे, आणि प्रत्येक नाद उमटताच गुदमरतो. मात्र हेच लक्षण दुसऱ्या एका कारणानेही दिसते, आणि येथे मला थोडे रागे भरणे भाग आहे. झांजेला मॉड्यूलशी जोडणारी स्टिरिओ केबल तुटली की मंडळी माइकची किंवा गिटारची साधी मोनो केबल खुपसतात. तिच्या पिनेला मधले कडे नसते, काठाची तार आपोआप जमिनीच्या तारेला जोडली जाते, झांज गुदमरते, आणि मग निरपराध झांजेचे स्क्रू काढले जातात! स्क्रूड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी केबल बदलून पाहावी. पुन्हा सांगतो, आधी केबल बदलून पाहावी. आणि आवाज येत नाही म्हणून अधिक जोराने बडवू तर मुळीच नये. ठिसूळ चकतीला तडा जातो तो याच अविचाराने.

मल्टिमीटर असेल तर दोष कोठे आहे हे निश्चित ठरवता येते. केबलचे मॉड्यूलकडचे टोक उपसून पिनेचे मधले कडे आणि मुळाकडचा धातू यांना दोन सुया लावाव्यात. काठ मोकळा असताना मीटरची शिटी वाजता कामा नये, दाबताच वाजली पाहिजे. सदैव वाजत असेल, तर केबल झांजेतूनही उपसावी. शिटी तरीही चालू राहिली तर दोष केबलचा, थांबली तर पट्टीचा किंवा जॅकचा. काही कंपन्या काठ आणि मधला घुमट एकाच तारेवर निरनिराळे रोध घालून ओळखतात. तेथे शिटीऐवजी रोधाचा आकडा पाहावा लागतो. म्हणूनच एका कंपनीची झांज दुसऱ्या कंपनीच्या मॉड्यूलला लावली आणि घुमट मुका राहिला, तर तो बिघाड समजू नये.

मोजकाच वेळ उरल्याची खूण काचेपलीकडून झाली आहे, तेव्हा बाकीचे भराभर सांगतो. एका आघाताला दोन आवाज येत असतील तर चकतीखालचा फोम झिजला आहे का हे पाहावे, आणि तो शाबूत असेल तरच मॉड्यूलमधील रिट्रिगरचे, म्हणजे एका आघाताची दुसरी वर्दी गाळण्याचे, सेटिंग बदलावे. झांज स्टँडवर गरगर फिरत असेल तर रबरी अडसर बसवावा, एरवी केबल पिळून जॅक उखडतो. चकती बदलताना तिच्या रुपेरी थरावर सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक क्षणभरच टेकवावे, अन्यथा थर सुटून येतो आणि नवी चकती बसवण्यापूर्वीच निकामी होते. तारा आधीच लावलेली चकती मिळाली तर तीच घ्यावी.