अवकाशातून दिसणारे शिवार
पर्जन्यछायेतील अहिल्यानगर जिल्ह्यात, हिवरे बाजारसारख्या गावांनी डोंगरउतारांवर समपातळी चर खोदून फुलवलेली हिरवाई उपग्रहचित्रांतही पाहता येते. मात्र ती किती बारकाईने दिसेल हे विभेदनावर, म्हणजे चित्रातील एक बिंदू जमिनीचा केवढा भाग दाखवतो यावर, अवलंबून असते. 2005 मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-1चे विभेदन 2.5 मीटर होते. ऑगस्ट 2009 मध्ये इस्रोने ‘भुवन’ हे संकेतस्थळ खुले करून अशी चित्रे नागरिकांपर्यंत आणली, आणि 2023च्या भारतीय अवकाश धोरणाने 5 मीटर व त्याहून स्थूल विभेदनाची माहिती विनामूल्य देण्याचे तत्त्व स्वीकारले. पाझर तलावाचे पाणी कोठवर पसरले आहे, हे ग्रामसभेला स्वतः पडताळता येणे, हेच या खुलेपणाचे खरे मोल होय.