दहा-बारा माणसांचं गणित

जेवायला किती माणसं येणार, असं विचारलं तर आपल्याकडे उत्तर येतं, "दहा-बारा." माणशी तीन-चार पोळ्या धरल्या, तर 30 पासून 48 पर्यंत काहीही लागू शकेल. कणीक 48 च्या हिशेबानं भिजते. दोन्ही टोकं धरून केलेल्या अशा हिशेबाला गणितात अंतराल विश्लेषण म्हणतात. रॅमन मूर या अमेरिकी गणितज्ञानं 1966 साली त्यावर पुस्तक लिहिलं.

संगणकाला याची गरज आहे. एक तृतीयांश त्याला दशांशात पूर्ण लिहिता येत नाही. कुठेतरी तोडावंच लागतं. म्हणून एका आकड्याऐवजी दोन टोकं ठेवायची, खालचं टोक थोडं आणखी खाली, वरचं आणखी वर सरकवायचं. खरं उत्तर त्या कुंपणाबाहेर जात नाही.

पण कुंपण कधीकधी फारच ऐसपैस होतं. दोन मीटर दोरीचा आयत करा. लांबी अधिक रुंदी एक मीटर. क्षेत्रफळ जास्तीत जास्त किती? चौरस केला तर पाव चौरस मीटर, त्याहून जास्त नाही. यंत्र मात्र म्हणतं: लांबी 0 ते 1, रुंदी 0 ते 1, म्हणजे क्षेत्रफळ 0 ते 1. उत्तर खोटं नाही, निरुपयोगी आहे. लांबी वाढली की रुंदी घटते, हे बिचारं विसरूनच गेलं! विसरभोळेपणावर उपाय म्हणजे तुकडे. लांबीचे दहा भाग करा. लांबी 0.4 ते 0.5 असेल तेव्हा रुंदी 0.5 ते 0.6, म्हणून क्षेत्रफळ 0.3 च्या वर नाही. बाकीच्या तुकड्यांतही नाही. शंभर भाग केले की कमाल मर्यादा 0.255 वर येते. कंटाळवाणं काम, पण यंत्र कंटाळत नाही.

आता हीच युक्ती आणि फळवाल्याची संत्री. तो रचतो त्याहून दाट रचना असू शकत नाही, असं खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं 1611 साली म्हटलं. जागेचा सुमारे 74 टक्के भाग भरतो. गणितज्ञ थॉमस हेल्सनं 1998 मध्ये सिद्धता दिली, आणि तिच्यात अशा मर्यादा संगणकानं तुकड्या-तुकड्यांनी तपासल्या होत्या. बारा परीक्षकांनी वर्षानुवर्षं डोकं घातलं आणि कळवलं, 99 टक्के खात्री आहे. गणितात हा शेरा म्हणजे जवळजवळ अपमानच, निदान मला तरी तसं वाटतं. हेल्सनं मग सगळी सिद्धता, ही अंतरालांची आकडेमोडसुद्धा, तर्काची पायरीन् पायरी पडताळणाऱ्या संगणकापुढे ठेवली. उरलेला एक टक्का 2014 साली मिटला.