पुरवणी मागण्या : आधी मंजुरी, मग खर्च



पावसाळी अधिवेशन आले की आपल्या इंदूरच्या वर्तमानपत्रांत 'अनुपूरक बजट'चा मथळा झळकतो. महाराष्ट्रात त्यालाच 'पुरवणी मागण्या' म्हणतात. वाचून आपल्याला वाटते, सरकारचा हिशेब चुकला! दरवेळी तसे नसते.

अर्थसंकल्प एकदा ठरतो. पूर किंवा साथ मात्र पंचांग पाहून येत नाही. आणि कायद्याच्या मंजुरीशिवाय संचित निधीतून रुपयाही काढता येत नाही. म्हणून राज्यघटनेने केंद्रासाठी कलम ११५ आणि राज्यांसाठी कलम २०५ ठेवले. सरकारने वाढीव मागण्या सभागृहापुढे मांडायच्या, त्यांवर मतदान घ्यायचे, मग विनियोजन विधेयक संमत करून घ्यायचे. तितका धीर धरता येत नसेल तर आकस्मिकता निधीतून उचल मिळते. पण तीही पुढे पुरवणी मागणीतूनच भरून द्यावी लागते.

कोरोनाच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, केंद्राने सुमारे २.३६ लाख कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या. त्यांत रोजगार हमीसाठी ४० हजार कोटी होते. मात्र प्रत्यक्ष नवा रोख खर्च सुमारे १.६७ लाख कोटींचाच होता. बाकीची तोंडमिळवणी इतर ठिकाणची बचत आणि वाढीव जमा यांतून व्हायची होती. म्हणून मथळ्यातला मोठा आकडा पाहून लगेच घाबरू नये.

खरी काळजी दुसरीच. मंजुरीपेक्षा जास्त खर्च आधीच होऊन गेला, तर लोकलेखा समिती तो तपासते आणि सभागृहाची संमती मागाहून घ्यावी लागते. तिथे 'नको' म्हणायला जागाच उरत नाही. पुरवणी मागणीत ती जागा असते. पण गदारोळात, चर्चेविना मागण्या संमत झाल्या तर ती असून नसल्यासारखीच.

आम्हा सरकारी नोकरांच्या टेबलावर मंजुरी येते ती लेखाशीर्ष आणि रक्कम होऊन. 'हा खर्च का वाढला?' हे विचारणे आमच्या हाती नसते. ते आमदारांनी सभागृहात विचारायचे आणि आपण सर्वांनी आमदारांना. मंडळाच्या वार्षिक सभेत मांडवाचा खर्च वाढला तर आपण कारण विचारल्याशिवाय राहत नाही. राज्याच्या तिजोरीतही आपलीच वर्गणी आहे.

गणपती बाप्पा मोरया!