संगणक झोपेतून उठताना

परीक्षेचे गुण भरता भरता मधल्या सुट्टीची घंटा होते. गुरुजी संगणक झोपवून जातात. परत येऊन कळ दाबावी, तो स्वारी पहिल्यापासून सुरू! न साठवलेले गुण नाहीसे. असे का व्हावे?

झोपेत संगणक पुरता बंद नसतो. चालू काम रॅममध्ये थोड्याशा विजेवर जपलेले असते. उठताना डिस्क, पंखे सारेच एकदम वीज मागतात. वीज पुरवणारी पेटी, म्हणजे एसएमपीएस, थकलेली असली की पुरवठा क्षणभर ढळतो नि रॅममधले पुसले जाते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उष्मा आणि धूळ पेटीला लवकर थकवतात.

तेव्हा आधी भिंतीतला प्लग काढा. झाकण उघडून धूळ झाडा, रॅमची पट्टी नीट बसवा. मग दुसरी पेटी लावून पाहा. मात्र पेटी स्वतः फोडू नका, आत वीज साठून राहते. दोष तरीही राहिला, तर जाणकाराकडून बायोस व ड्रायव्हर नवे करून घ्या.

तोवर झोपेऐवजी हायबरनेट वापरा. त्यात काम डिस्कवर उतरते, वीज गेली तरी टिकते. आणि बरे का, जागेवरून उठण्यापूर्वी काम साठवायचे, हे मात्र कधी विसरू नका.