शिंकताना थेंब निसटतो? कुंथू नका, आत ओढा

हेडफोन लावलाय ना? लावाच. कारण आजचा विषय घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. शिंकताना, हसताना, दोरीवरच्या उड्या मारताना लघवीचा थेंब निसटणं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे बायका कंबरदुखी घेऊन येतात आणि निघताना दाराशी थांबून म्हणतात, "मॅडम, अजून एक होतं..."

बाळंतपणानंतर हे व्हायचंच, असं त्यांना आईनं, सासूनं सांगितलेलं असतं. बऱ्याच जणींना होतं, हे खरं. उपाय नाही, हे मात्र खोटं.

पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. तिचं नाव पेल्विक फ्लोअर. मूत्राशय, गर्भाशय यांना तिचाच आधार. ती सैल पडली की खोकल्याचा दाब मूत्रमार्गाला पेलवत नाही. याला स्ट्रेस इनकॉन्टिनन्स म्हणतात. (यातला स्ट्रेस पोटातल्या दाबाचा, ऑफिसचा नाही!) अमेरिकेतले डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली यावरचे व्यायाम मांडले. रील्समधलं 'केगल' ते हेच.

गोची अशी, की रील बघून कितीतरी जणी आवळायच्या ऐवजी कुंथतात. म्हणजे झोळीवर आणखी भार! चारचौघांत गॅस अडवताना जे आत-वर ओढलं जातं ना, तेच ओढायचं. पोट, मांड्या, कुल्ले ढिले. श्वास चालू. मग पूर्ण सोडायचं, हे सोडणं कुणी शिकवतच नाही. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. आठवड्यात फरक नाही म्हणून सोडू नका. आणि लघवी करताना धार अडवून सराव तर नकोच.

शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. एवढंही शिकता येतं.

काही जणींचे स्नायू सैल नसतात, उलट ताठरलेले असतात. त्यांना आवळून त्रास वाढतो. म्हणून एकदा तपासून घ्या. तपासणी कधी कधी आतून, बोटानं करतात. पण तुम्हाला विचारूनच. नको असेल तर नाही म्हणा, बाहेरूनही बरंच कळतं. जळजळ असेल, लघवीत रक्त दिसलं, तर आधी डॉक्टर.

आणि पाणी तोडू नका. माझी एक पेशंट एसटीनं माहेरी जायचं म्हटलं की सकाळपासून घोटभर पाणी प्यायची नाही. लघवी घट्ट झाली की मूत्राशय जास्तच चाळवतं. आता ती बाटली घेऊन बसते, खिडकीजवळ.