नट पार्ट कुठे शिकतो?



भंडारा जिल्ह्यात दिवाळी सरली की मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस लागतात. गावोगावची मंडई ठरते, लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं. दिवसा दंडार नाहीतर खडीगंमत ही लोकनाट्यं, आणि रात्री नाटक. हलका धान कापून झालेला असतो, घरात चार पैसे खेळत असतात, थंडी पडू लागलेली असते. पुढे शंकरपट सुरू झाले की दिवसा बैलजोड्यांच्या शर्यती आणि रात्री पुन्हा नाटक. रात्री दहाच्या सुमाराला पडदा वर जातो आणि प्रेक्षक घरी परततो तो पहाटे. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात आणि तिथल्या रंगभूमीची राजधानी आहे वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. लाखांदूर तालुक्याच्या हद्दीला लागून असलेल्या या छोट्या शहरात पन्नासच्या आसपास नाटक कंपन्यांचा कारभार चालतो. मुंबई-पुण्यात नाट्यगृहं ओस पडल्याची चर्चा सुरू असताना इथे एका रात्री एका गावात हजारो माणसं तिकीट काढून बसतात. आज पदवी घ्यायला या सभागृहात बसलेल्या अनेकांनी लहानपणी आजीच्या मांडीवर अर्धवट झोपेत ही नाटकं पाहिली असतील.

कलावंताची निर्मिती नेमकी घडते कुठे, या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. आधी संहितेचं वाचन, मग महिना-दीड महिना तालीम, मग रंगीत तालीम आणि शेवटी प्रयोग. झाडीपट्टीत हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. कंपनीकडे एका हंगामात अनेक नाटकं असतात. आज साकोलीकडचं गाव, उद्या ब्रह्मपुरीकडचं. काही कलाकार इथले, काही नागपूरहून आलेले. सगळ्यांना एकत्र बसवून तालमी घ्यायला सवड कुणाकडे आहे? थोड्याशा तालमीवर, कधी तर नावापुरत्या तालमीवर, नट तोंडाला रंग लावतो आणि उभा राहतो. शहरी समीक्षकाला हे ऐकून धक्का बसतो. तालीम न करता नाटक करणं म्हणजे कलेची थट्टा, असं त्याला वाटतं. पण झाडीपट्टीत तालीम चुकवली जात नाही, ती प्रयोगातच होते. त्या तालमीला हजारो साक्षीदार असतात, एवढाच फरक.

हे कसं होतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. विंगेत प्रॉम्प्टर संहिता घेऊन बसलेला असतो. तो वाक्य देतो ते नटाच्या बोलण्याच्या किंचित आधी. लवकर दिलं तर नट गोंधळतो, उशिरा दिलं तर मंचावर भगदाड पडतं. नटाचा एक कान प्रॉम्प्टरकडे आणि दुसरा प्रेक्षकांकडे. समोर हशा उसळला तर तो ओसरेपर्यंत वाक्य जिभेवर धरून ठेवायचं, आणि प्रॉम्प्टरनेही तेवढाच श्वास रोखायचा. शिवाय ऑर्गनवाला बसलेला असतो, त्याने सूर धरला की संवादातून गाण्यात शिरायचं. गाणं रंगलं की प्रेक्षकांतून ‘वन्स मोर’ येतो. आता खरी कसोटी. मरणाच्या प्रसंगातलं गाणं, त्याला वन्स मोर, त्यात कुणीतरी बक्षीस जाहीर करतो, त्याचं नाव माईकवरून पुकारलं जातं, टाळ्या पडतात. आणि हे सगळं झाल्यावर नटीने त्याच मरणाच्या प्रसंगात परत यायचं असतं, तेही प्रेक्षकांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आणून. नाट्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात यासाठी वेगळा पेपर नाही. असायला हरकत नाही.

दुसऱ्याने कानात सांगितलेलं वाक्य आत्ताच आपल्या मनात उगवलं, असं बोलता येणं ही फार अवघड विद्या आहे. पाठ करून आलेल्या नटाला पुढचं वाक्य माहीत असतं, म्हणून तो समोरच्याचं ऐकत नाही. ज्याला पुढचं वाक्य ठाऊक नाही त्याला ऐकावंच लागतं.

मराठी नाटकाचा जन्मही असाच झाला आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं जागच्या जागी जुळवायची. सगळे संवाद लिहून काढलेली संहिता, तिची घोकंपट्टी, दिग्दर्शकाचा अंमल हे सगळं नंतर आलं. दंडार आणि खडीगंमत तर आजही तशाच चालतात. ढोलकी, तुणतुणं आणि चोणकं यांच्या साथीवर शाहीर गाणं उचलतो, पुरुषच नाच्या होऊन बाईचं सोंग घेतो, आणि मधली बतावणी त्या गावातल्या ताज्या भानगडीवर बेतलेली असते. ज्या गावात सरपंचाच्या निवडणुकीत काही घडलं असेल तिथे गमतीला विषय शोधावा लागत नाही.

एकट्या प्रतिभावंताच्या डोक्यातून कलाकृती पूर्ण होऊन बाहेर पडते, ही समजूतही तपासून घ्यायला हवी. ‘एकच प्याला’चं उदाहरण विदर्भाला जवळचं आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेरला वारले. नाटक लिहून झालं होतं, मंचावर आलं नव्हतं. पदं गडकऱ्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांनी रचली. गंधर्व नाटक मंडळीने पुढच्याच महिन्यात बडोद्याला प्रयोग केला आणि सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी केली. लेखक हयात नाही, गाणी दुसऱ्याची, स्त्रीची भूमिका पुरुषाची, आणि तरीही ते नाटक शंभर वर्षं मराठी माणसाच्या बोलण्यात राहिलं आहे. झाडीपट्टीतही ‘एकच प्याला’ होत आलेलं आहे. दारूने उद्ध्वस्त झालेलं घर प्रत्येक गावात असतं. ते नाटक पाहताना लोक एकमेकांकडे बघत नाहीत.

आता याच मंचावर घडलेल्या एका नटाविषयी, परशुराम खुणे यांच्याविषयी. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातलं गुरनोली हे त्यांचं गाव. झाडीपट्टीतले विनोदी नट म्हणून त्यांची ख्याती इतकी की लोक त्यांना इकडचे दादा कोंडके म्हणतात. २०२३ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सुमारे ८०० भूमिका आणि ५,००० हून अधिक प्रयोग असा त्यांच्या कामाचा हिशेब सांगितला गेला. पुण्या-मुंबईतल्या चांगल्या नटाच्या वाट्यालाही आयुष्यभरात एवढ्या भूमिका क्वचितच येतात. आठशे माणसं एकाच देहात कुठून आणायची? त्याचं उत्तर बाजारात, एसटीच्या स्टँडवर, तहसीलच्या रांगेत आणि लग्नाच्या पंगतीत मिळतं. विनोदी पात्र पुष्कळदा झाडीबोली बोलतं. त्या बोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. नटाने नुसतं ‘पानी’ म्हटलं तर ते सोंग होतं. कोण म्हणतो, कुणापुढे म्हणतो, पाटलापुढे त्याचा सूर कसा पडतो आणि बायकोपुढे कसा चढतो, एवढं जमलं तर तो माणूस होतो.

प्रयोगातच तालीम करण्याच्या या पद्धतीला दुसरी बाजूही आहे, आणि आजच्या दिवशी ती झाकून ठेवणं बरं नव्हे. घाईत काम करणाऱ्या नटाच्या हाताशी साचे तयार होतात. दारुड्या म्हटला की एक चाल, सासू म्हटली की एक आवाज. दर रात्री हशा येत असेल तर साचा मोडायची गरज कुणाला वाटेल? प्रेक्षकांचं ऐकणं आणि प्रेक्षकांच्या मागे फरफटत जाणं यात अंतर फार थोडं असतं. मध्येच घुसवलेले नाच आणि चावट विनोद यांच्याविषयी झाडीपट्टीतली जाणती माणसंच तक्रार करत आली आहेत. नवरगावच्या सदानंद बोरकरांनी याच मंचावर, याच प्रेक्षकांपुढे शेतकरी आत्महत्येवरचं नाटक उभं केलं. प्रेक्षकाला फक्त धिंगाणा हवा असतो, हे निर्मात्यांचं पालुपद त्यामुळे खोटं पडतं. नट्यांकडे गाव कोणत्या नजरेने बघतं हाही प्रश्न आहेच. रात्री तिच्या अभिनयावर रडणारं घर तिला सून करून घेईल का, हे विचारून पाहावं. आणि हंगाम बुडाला तर कलाकाराला विचारणारं कोणी नसतं, हे कोरोनाच्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या डोक्यात आत्ता एकच हिशेब चालू असेल: नोकरी की कला? गायक वसंतराव देशपांडे यांचंच पाहा. ते मूर्तिजापूरचे. नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकले आणि मग कित्येक वर्षं पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी केली. १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ आलं. नाटक लिहिलं नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब आफताब हुसेनच्या भूमिकेत वसंतराव. तेव्हा त्यांचं वय ४७ होतं. ती कारकुनीची वर्षं वाया गेली असं म्हणवत नाही, आणि तीच त्यांना घडवून गेली असं म्हणणंही भाबडेपणाचं होईल. पगार घरासाठी लागत होता. गाणं मात्र त्यांनी कधी खुंटीला टांगलं नाही, कचेरी सांभाळून चालूच ठेवलं. दंडारीत नाचणाऱ्या इथल्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. चिखलणी आणि नाच तो पिढ्यान्‌पिढ्या एकाच अंगाने करत आला आहे.

साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि दंडार यांना अभ्यासाचा विषय केलं, गावोगाव हिंडून ही परंपरा कागदावर आणली. त्याआधी शिकलेल्या माणसाला दंडार म्हणजे अडाण्यांचा नाच वाटायचा. त्यांच्या कामामुळे निदान विद्यापीठाच्या दारातून तिला आत येता आलं. पण अजून खूप काही लिहून व्हायचं आहे. जुन्या प्रॉम्प्टरच्या हातातल्या वह्यांचंच बघा. त्यात छापील वाक्य खोडून वर पेनाने लिहिलेलं नवं वाक्य सापडतं, कारण कुठल्यातरी गावात कुठल्यातरी नटाने ते वाक्य बोलून टाळी घेतली आणि पुढच्या गावापासून तेच कायम झालं. नाटक कसं घडलं याचा इतका सरळ पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल. नट थकतो, कंपनी बंद पडते आणि वही रद्दीत जाते. आज मराठीत, इतिहासात किंवा समाजशास्त्रात पदवी घेतलेल्या कुणाला पुढच्या अभ्यासासाठी विषय हवा असेल तर तो घरापासून तासाभराच्या वाटेवर पडलेला आहे.

आणि ज्यांना लिहायचं नसून करायचंच आहे, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. हंगामाच्या तारखा दिवाळीआधीच पक्क्या होऊ लागतात, म्हणून वडशाला जायचं ते पावसाळ्यातच, मंडई सुरू झाल्यावर नव्हे. नव्या माणसाला पहिल्याच वर्षी पार्ट मिळणं कठीण. त्याने किंवा तिने प्रॉम्प्टिंग मागून घ्यावं. त्या कामासाठी फारशी रांग नसते. पण रोज रात्री अख्खं नाटक नजरेखालून जातं, प्रत्येक पात्राचा श्वास कळतो, कुठलं वाक्य कोणत्या गावात पडलं आणि कोणत्या गावात उठलं ते दिसतं, आणि एखाद्या रात्री नट आला नाही तर सगळा पार्ट ठाऊक असलेला माणूस विंगेत एकच असतो. मानधन किती आणि कधी, ते आधी ठरवून घ्यावं. पौष महिन्यात विंगेत पहाटे तीन वाजता फार थंडी वाजते, तेव्हा कांबळ आपलं आपण न्यावं. कंपनी ते देत नाही.