खेळाचा खर्च
(बालरुग्ण विभागाच्या देणगीदार-पालक मेळाव्यात प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



मेळाव्यात प्रशासनाने आकडे सांगावेत आणि विचार डॉक्टरांनी मांडावेत, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. आकडे अहवालाच्या अखेरीस दिलेलेच आहेत. आज त्यांतील एका लहानशा नोंदीविषयी बोलण्याची अनुमती आम्ही घेत आहोत. ‘बालरुग्ण कक्ष : खेळसाहित्य व खेळताईंचे मानधन’ ही ती नोंद. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. ही मागणी प्रथम टेबलावर आली तेव्हा ‘वैद्यकीय खर्चात बसत नाही’ असा शेरा मारून ती परत पाठवणारे आम्हीच होतो.

त्याच काळात आमच्याच सहीने एक परिपत्रकही निघाले होते. बालकक्षात नातेवाइकांनी केवळ सायंकाळी दोन तास यावे आणि घरून खेळणी आणू नयेत. हेतू शुद्ध होता. गर्दी आणि जंतुसंसर्ग टाळावयाचा होता. काही दिवसांनी अडीच वर्षांची एक मुलगी दाखल झाली. पहिले दोन दिवस तिने रडून कक्ष डोक्यावर घेतला. तिसऱ्या दिवशी ती शांत झाली. फेरीवर असताना परिचारिकांनी ‘आता रुळली’ असे सांगितले आणि आम्हाला समाधान वाटले. सायंकाळी आई आली, तेव्हा मुलीने मान फिरवून भिंतीकडे तोंड केले. घरी गेल्यानंतरही कित्येक दिवस ती फारशी बोलत नव्हती, हे आईने फेरतपासणीच्या वेळी सांगितले. त्या बाईंच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि तेच आम्हाला अधिक लागले.

मग आमच्या बालरोगतज्ज्ञांनी आम्हाला बसवून एक जुनी हकीकत सांगितली. इंग्लंडमध्ये १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी एक साधा चित्रपट केला. त्यात रुग्णालयात आठ दिवस राहिलेली एक दोन वर्षांची मुलगी दिसते. आईपासून दूर ठेवलेले मूल आधी आकांत करते, मग गप्प होते, आणि त्या गप्पपणाला मोठी माणसे ‘रुळणे’ म्हणतात, हे रॉबर्टसन यांचे निरीक्षण होते. डॉक्टरमंडळींना प्रथम ते मानवले नाही. पण १९५९ साली तेथील प्लॅट समितीने मुलांना भेटण्यावर वेळेचे बंधन नसावे, अशी शिफारस केली. इतक्या वर्षांपूर्वी मिटलेला प्रश्न आमच्या परिपत्रकाने पुन्हा उकरून काढला होता. ते आम्ही मागे घेतले. आता प्रत्येक खाटेशेजारी आईसाठी बाकडे आहे.

खेळाची नोंद मात्र इतक्या सहजी मंजूर झाली नाही. ती मंजूर झाली एका बाहुलीमुळे. एका परिचारिकाताईंनी कापडाची बाहुली शिवून तिच्या हाताला सलाईनची रिकामी नळी चिकटवली. सुई पाहताच किंचाळणारा चार वर्षांचा मुलगा त्या बाहुलीला दिवसभर टोचत बसला. तिला दटावले, फुंकर घातली, ‘झालं, झालं’ म्हटले. दुसऱ्या दिवशी सुईच्या वेळी तो रडला, नाही असे नाही. पण हात त्याने स्वतः पुढे केला. आपल्यावर जे ओढवले ते बाहुलीवर करून पाहताना मूल त्या प्रसंगाचा क्रम लावते. आधी काय, मग काय, शेवटी काय, हे त्याला त्यातून कळते. भातुकलीत पानाचा पापड होतो तेव्हाही हेच घडत असते. एक वस्तू दुसरीच्या जागी ठेवावयास मूल शिकते. शब्द तरी दुसरे काय करतो?

शब्दांवरून आठवले. खानदेशातून मजुरीसाठी आलेल्या एका कुटुंबातील मुलाच्या केसपेपरवर ‘बोलणे उशिरा’ असे लिहिले गेले होते. आमच्या नागर मराठीतील प्रश्नांना ते उत्तरच देत नसे. आई संकोचून गप्प. खेळताईंनी ठोकळे मांडून दोघांना एकांत दिला, तेव्हा पडद्याआडून स्पष्ट ऐकू आले, “माले घर जानं शे.” मूल अहिराणीत व्यवस्थित बोलत होते. केसपेपरवरील ती ओळ खोडण्यात आली. पालकहो, ‘आमची भाषा गावंढळ, मुलाशी शुद्धच बोलावे’ असे मानून घरात अबोला धरू नये. आपल्याला जी भाषा सहज येते तीतच मुलाशी भरपूर बोलावे. मात्र एक सावधगिरी हवी. ऐकू न येणारे बाळही पहिले काही महिने हुंकार देते, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. शंका असो वा नसो, श्रवणचाचणी लवकर करून घ्यावी.

हिशेबाच्या माणसाला हिशेबच पटतो, हे जाणून डॉक्टरांनी आमच्यापुढे जमैकातील एक अभ्यास ठेवला. तेथे सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेली १२९ बालके निवडली, वय ९ ते २४ महिने. काहींना दर आठवड्याला १ किलो दुधाची भुकटी दिली. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जाऊन, घरी बनवलेल्या खेळण्यांनी आईला मुलाशी खेळावयास व बोलावयास शिकवीत. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षे चालले. ती मुले २२ वर्षांची झाली तेव्हा खेळाचा तास मिळालेल्यांची कमाई तो न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती. २०१४ साली ते प्रसिद्ध झाले. दुधाचा परिणाम इतका टिकला नाही. याचा अर्थ दूध बंद करावे असा नव्हे. पण आम्ही आजवर दूधच तेवढे खर्ची टाकीत होतो.

वास्तविक जमैकापर्यंत जाण्याची गरज नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत व १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे केले, ते शंख-शिंपले, बिया आणि पाने-फुले घेऊनच. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, हा अंगणवाडीचा विचार तेथलाच.

यंदा आमची मागणी अशी आहे. खेळताई सध्या एकच आहेत आणि रविवारी कक्ष सुना असतो. दुसऱ्या ताईंचे वर्षभराचे मानधन उभे राहावे. खेळणी देऊ इच्छिणाऱ्यांसाठी चरकसंहितेतील कसोटी आजही पुरेशी आहे : खेळणे रंगीत, नाद करणारे, हलके असावे, टोकदार नसावे, तोंडात जाईल असे नसावे, मूल भेदरेल असे नसावे. मुलाला राक्षस-पिशाचांची भीती घालून जेवू घालू नये, असेही तेथेच सांगितले आहे. ‘जेव, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ म्हणणाऱ्या आजी-आजोबांनी याची नोंद घ्यावी. त्या जुन्या यादीत आमच्या संसर्ग-नियंत्रण समितीची एक भर आहे : खेळणे साबणाने धुता यावे. गतवर्षी आलेली केसाळ अस्वले आम्ही आदरपूर्वक कपाटात ठेवली आहेत. लाकडी ठोकळे, रबरी चेंडू आणि सुती बाहुल्या कार्यालयात सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत स्वीकारल्या जातील व त्यांची रीतसर पावती मिळेल.